वजन अडकलं आणि मी गळाला लागले

मार्च ते ऑगस्ट मी ८४ किलोवरून ७३ वर आले होते. पहाटे पुण्यातल्या तळजाई टेकडीवर चालणं, रात्रीचा भात बंद, चहातली साखर बंद, एवढंच. मग काटा ७३ वर जो बसला, तो सात आठवडे हलेना. रोज सकाळी वजन करायचं आणि दिवसभर चिडचिड करायची. ज्यांनी हे भोगलंय त्यांना कळेल, अशा वेळी माणूस कुणाचंही ऐकतो.

भाजी घेताना भेटलेल्या एका ओळखीच्या बाईंनी कर्वे रस्त्यावरच्या एका स्लिमिंग सेंटरचं नाव सुचवलं. तिथे मला संध्याकाळी सहाला बोलावलं. आल्याआल्या दोन मोठे ग्लास लिंबूपाणी दिलं, आणि मग हातात दांड्या धरायच्या त्या मशिनवर उभं केलं. वजन ७४.६, 'बॉडी एज' ५८. मी ४६ वर्षांची! तिथली मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "मॅडम, तुमचं मेटाबॉलिझम बंद पडलंय. आता स्वतःच्या मनाने काही केलंत तर गेलेलं सगळं दुपटीने परत येईल."

मी घाबरले. पॅकेज २८,००० चं, आजच्या आज भरले तर २२,०००. ह्यांना एक फोनसुद्धा न करता मी कार्ड पुढे केलं.

सोबत पुड्या मिळाल्या. त्यांवर घटकांची नावं नाहीत, बॅच नंबर नाही, नुसता सेंटरचा स्टिकर. "आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही." पुढचं वजन मात्र त्यांनी सकाळी साडेसातला, उपाशीपोटी केलं. ७१.४! आनंदाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आता हिशोब बघा. भरल्या पोटी संध्याकाळी आणि रिकाम्या पोटी सकाळी केलेल्या वजनात एखाद्या किलोचा फरक तसाही पडतो. बाकी जे घटलं ते शरीरातलं पाणी होतं. त्या आठवड्यात मला दिवसातून पंधरा-पंधरा वेळा लघवीला जावं लागत होतं. विचारलं तर उत्तर, "टॉक्सिन्स निघतायत."

बाराव्या रात्री दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, छातीत धडधड सुरू झाली, उठले तर चक्कर. सकाळी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं. पोटॅशियम २.९ निघालं, ते साडेतीनच्या वर हवं. डॉक्टर इतके चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. लघवी वाढली की तिच्यावाटे पोटॅशियमही जातं, म्हणून पुडीत लघवी वाढवणारं औषध असल्याची त्यांना दाट शंका होती. सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध हृदयाला धोका म्हणून २०११ मध्ये आपल्याकडे बंद झालं, तरी 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते सापडत राहिलंय, हेही त्यांनीच सांगितलं. पुड्या थांबवल्या आणि पाच दिवसांत वजन पुन्हा ७३. चरबी गेलेलीच नव्हती.

माझं वजन का अडकलं, हे मला तेव्हा फुकटात कळलं. अकरा किलोंनी हलक्या झालेल्या शरीराला अन्न कमी लागतं, आणि खाणं घटलं की शरीर खर्चही थोडा आखडता घेतं. मेटाबॉलिझम म्हणजे शरीराचा हाच खर्च, तो बंद काही पडत नाही. ८४ किलोच्या बाईला जे जेवण कमी पडत होतं, तेच ७३ किलोच्या बाईला पुरत होतं. शिवाय माझा हात हळूहळू सैल झाला होता. मोठा चमचाभर तेल म्हणजे १२० कॅलरी, आणि फोडणीत असे दोन चमचे कधी वाढले ते मला समजलंच नव्हतं. शेंगदाणे येताजाता तोंडात टाकत होते ते वेगळंच. आणि त्याच सात आठवड्यांत माझे ब्लाउज मात्र सैल झाले होते! काट्याच्या नादात तिकडे लक्षच गेलं नाही.

पैसे मागायला गेले तर पावतीवर बोट ठेवलं: 'मेंबरशिप फी परत मिळणार नाही.' १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पावती आणि रक्ताचा रिपोर्ट जोडला. दीड महिन्याने ७,००० परत आले. बाकीचे गेले. लठ्ठपणा घालवणाऱ्या औषधाची जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला आधी ठाऊक असतं तर त्यांच्या भिंतीवरचं पोस्टर वाचूनच मी जिना उतरले असते.

कुणी बिनलेबलची पुडी हातात ठेवली, तर ती घेऊन आधी आपल्या डॉक्टरांकडे जा. उरलेल्या अकरा पुड्या मी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात अर्जासोबत देऊन आले आहे. अर्जाची पोच जपून ठेवली आहे.