फ्रेंचचा भूतकाळी सुब्जाँक्तिफ: पाठ करावा, ओळखावा की सोडून द्यावा?

फ्रेंच शिकणारा विद्यार्थी वर्तमानकाळी सुब्जाँक्तिफ (इच्छा, गरज किंवा शंका सांगताना गौण वाक्यात येणारे क्रियापदाचे रूप) बऱ्यापैकी वापरू लागला की रूपावलीच्या पुस्तकातील शेजारचा रकाना त्याच्या नजरेस पडतो. त्या रकान्याचे नाव आँपार्फे द्यु सुब्जाँक्तिफ, म्हणजे भूतकाळी सुब्जाँक्तिफ. वर्गात तो शिकवलेला नसतो, बोलण्यात कोणी वापरत नाही, आणि तरीही फ्रेंच कादंबरी उघडली की काही पानांतच त्याची गाठ पडते. अशा वेळी तीन मार्ग समोर असतात. पहिला, सर्व क्रियापदांची साही रूपे पाठ करण्याचा. दुसरा, वाचताना ओळखता येतील एवढीच रूपे शिकण्याचा. आणि तिसरा, वर्तमानकाळी सुब्जाँक्तिफवर सगळे काम भागवून हा रकाना कायमचा मिटून टाकण्याचा. यांपैकी कोणता मार्ग धरावा हे फ्रेंचचा उपयोग कशासाठी करायचा आहे यावर जितके अवलंबून आहे, तितकेच पास्से सँप्ल हा लिखित भूतकाळ आपल्याला किती येतो यावरही आहे. माझ्या मते दुसरी गोष्ट अधिक निर्णायक आहे, आणि तिचाच विचार सर्वांत कमी केला जातो.

कारण असे, की या रूपांना स्वतःचे असे वेगळे मूळ नाही. पास्से सँप्लचे द्वितीय पुरुषी एकवचन घ्यायचे आणि त्याला प्रत्यय जोडायचे, एवढाच नियम आहे, आणि फ्रेंचसारख्या अपवादप्रिय भाषेत त्याला अपवाद नाही ही नवलाची गोष्ट आहे. पार्ले म्हणजे बोलणे या क्रियापदाची रूपे उच्चारानुसार पार्लास, पार्लास, पार्ला, पार्लासियों, पार्लासिए, पार्लास अशी होतात. एत्र् म्हणजे असणे याची फ्यूस, फ्यूस, फ्यू, फ्यूसियों, फ्यूसिए, फ्यूस अशी होतात. (येथे ‘फ्यू’ असे लिहिले असले तरी ओठ ‘ऊ’साठी करतो तसे गोल ठेवून ‘ई’ म्हणायची असते.) व्हनिर म्हणजे येणे याचे पहिले रूप व्हँस आणि तिसरे व्हँ. सर्व क्रियापदे अशा रीतीने आ, ई, यू आणि सानुनासिक अँ या चार स्वरांच्या गटांत बसतात, आणि कोणते क्रियापद कोणत्या गटात जाते हे पास्से सँप्लनेच आधी ठरवून दिलेले असते. म्हणून ज्याला तो काळ येतो त्याला आँपार्फे द्यु सुब्जाँक्तिफ एका संध्याकाळचे काम आहे. ज्याला तो येत नाही त्याने रूपावलीचा तक्ता घोकणे म्हणजे एकाच गोष्टीचे ओझे दोनदा वाहणे होय. त्याने आधी पास्से सँप्ल शिकावा, कारण फ्रेंच कथनात्मक गद्य त्याशिवाय वाचताच येत नाही.

आता वर्तमानकाळी सुब्जाँक्तिफशी तुलना करू. पारंपरिक व्याकरणाचा नियम असा, की मुख्य वाक्यातील क्रियापद भूतकाळात किंवा संकेतार्थात असेल, तर गौण वाक्यातील सुब्जाँक्तिफही भूतकाळी असावा. ‘त्याने यायला हवे होते’ हे जुन्या शिस्तीने ‘इल फाले किल व्हँ’ असे होते, तर आज पॅरिसमध्ये, माँत्रेआलमध्ये किंवा डाकारमध्ये सर्वसाधारण बोलणारा ‘इल फाले किल व्हिएन’ म्हणतो. दोन्ही वाक्यांचा अर्थ तोच राहतो, कारण काळ कोणता हे ‘फाले’ या मुख्य क्रियापदाने आधीच सांगून ठेवलेले असते. गौण वाक्यातील भूतकाळी रूप नवी माहिती देत नाही, ते केवळ मुख्य क्रियापदाशी सुसंगती राखते. बोलणाऱ्यांनी ते सोडून दिले यामागे हे एक मोठे कारण आहे. फिनिर, म्हणजे संपवणे, यासारख्या क्रियापदांत तर वर्तमानकाळी आणि भूतकाळी सुब्जाँक्तिफ तृतीय पुरुषी एकवचन वगळता अक्षरशः सारखे आहेत, त्यामुळे तेथे सोडून देण्यासारखेही फारसे काही उरत नाही.

दुसरे कारण कानाशी निगडित आहे. पुव्हार, म्हणजे शकणे, याचे प्रथम पुरुषी एकवचन ‘प्यूस’ होते, आणि पिसवेसाठीचा फ्रेंच शब्दही नेमका असाच उच्चारला जातो. ‘आसियों’ आणि ‘आसिए’ या शेवटांची लांबलचक रूपे फ्रेंच माणसालाच हसू आणतात, आणि त्यांची थट्टा करणारी पद्ये एकोणिसाव्या शतकापासून रचली जात आहेत. आज एखादा वक्ता व्यासपीठावरून ही रूपे वापरतो तेव्हा ती बहुधा विद्वत्तेच्या प्रदर्शनासाठी किंवा विनोदासाठी असतात. परदेशी विद्यार्थ्याने गप्पांत ती वापरली, तर समोरचा व्याकरण तपासत बसणार नाही, तो फक्त गोंधळेल.

स्पॅनिश, इटालियन किंवा पोर्तुगीज येणाऱ्या वाचकाला हे विचित्र वाटेल. या तिन्ही भाषांत याच प्रकारची रूपे रोजच्या बोलण्यात जिवंत आहेत. गोव्यात पोर्तुगीज शिकलेल्या माणसाला तर फ्रेंचचे ‘पार्लास’ पाहताच आपले ‘फालास’ आठवेल, आणि त्यात काही चूक नाही, कारण दोन्हींचे प्रत्यय लॅटिनमधल्या एकाच रूपातून उतरले आहेत. फरक कामाचा आहे. ‘मी बोललो असतो तर’ किंवा ‘माझ्याकडे असते तर’ यांसारखी जर-तरची वाक्ये पोर्तुगीजमध्ये या रूपांवाचून होत नाहीत. फ्रेंचने मात्र ‘सी’ म्हणजे ‘जर’ नंतरचे हे काम साध्या अपूर्ण भूतकाळाकडे सोपवले. रोजचे काम हातून गेल्यावर सुसंगती राखण्यापुरती उरलेली रूपे बोलीत टिकली नाहीत. त्यामुळे पोर्तुगीजमधील सवय घेऊन फ्रेंचकडे वळणाऱ्याने ओळखीचा फायदा जरूर घ्यावा, पण वापराची सवय मागे ठेवावी.

लिहिताना सोडून दिले तर चूक धरली जाईल का, ही शंका विद्यार्थ्यांच्या मनात असते. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने 26 फेब्रुवारी 1901 च्या आदेशातच संकेतार्थी मुख्य क्रियापदानंतर वर्तमानकाळी सुब्जाँक्तिफ चालेल असे म्हटले होते, आणि 28 डिसेंबर 1976 च्या आदेशाने ही सवलत भूतकाळी मुख्य क्रियापदानंतरही लागू केली. डेल्फ या फ्रेंच भाषेच्या प्रमाणपत्र परीक्षांत व्याकरणाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका नसते, आणि तिच्या बी-2 या पातळीच्या निबंधात वर्तमानकाळी सुब्जाँक्तिफ नीट वापरणाऱ्याला या दुसऱ्या रूपावाचून अडत नाही. म्हणजे स्वतः लिहिण्याबोलण्याचा प्रश्न असेल, तर तिसरा मार्ग पूर्णपणे सुरक्षित आहे.

वाचनाचा हिशेब वेगळा आहे, आणि तेथे तिसरा मार्ग महाग पडतो. छापील फ्रेंचमध्ये आजही दिसणारी रूपे बहुतांशी तृतीय पुरुषी आहेत, आणि त्यांतील एकवचन, आ-गट सोडला तर, पास्से सँप्लहून केवळ स्वरावरच्या एका टोपीने वेगळे असते. एत्र् आणि आव्हार (जवळ असणे) या दोन्ही क्रियापदांची ही जोडी उच्चाराला अगदी एकच आहे. ही टोपी, म्हणजे सर्कम्फ्लेक्स चिन्ह, 1990 च्या शुद्धलेखन सुधारणेने ‘ई’ आणि ‘यू’ या स्वरांवरून बऱ्याच शब्दांत काढून टाकली, पण या रूपांवर ती मुद्दाम कायम ठेवली, कारण ती नसेल तर दोन अर्थांत फरकच राहत नाही. वाचताना शंका आली तर वाक्य मनात वर्तमानकाळात करून पाहावे. तेथे ‘स्वा’ (एत्र्चा वर्तमानकाळी सुब्जाँक्तिफ) बसत असेल तर टोपीचे रूप हवे, ‘ए’ (एत्र्चा साधा वर्तमानकाळ) बसत असेल तर बिनटोपीचे. ‘बियँ क’ म्हणजे ‘जरी’ नंतर टोपी येते, ‘आव्हाँ क’ म्हणजे ‘पूर्वी’ नंतरही येते, परंतु ‘आप्रे क’ म्हणजे ‘नंतर’ याच्या पुढे ती येऊ नये. या शेवटच्या ठिकाणी फ्रेंच लेखकांकडूनही टोपी सर्रास दिली जाते, म्हणून छापील पुरावा पाहून आपला नियम बदलू नये.

आणखी एक अडचण अशी, की आव्हारचे ‘यू’ हे टोपीचे रूप कधी कधी ‘क’ म्हणजे ‘की’ याशिवाय, थेट मुख्य वाक्यातच भेटते. ‘इल यू फाल्यू’ म्हणजे ‘करायला हवे होते’. हे सुब्जाँक्तिफचे पूर्ण भूतकाळी रूप असून येथे ते संकेतार्थाचे काम करते, आणि जुन्या गद्यात ते मुबलक आहे. शिवाय ‘फ्यूस’ म्हणजे ‘अगदी … असले तरी’, ‘द्यूतिल’ म्हणजे ‘त्याला … करावे लागले तरी’ असे काही ठरलेले प्रयोग आजच्या वृत्तपत्री लेखांतही येतात. ते शब्दकोशातील शब्दांसारखे पाठ करावेत.

शाळेत संस्कृत शिकलेल्यांना ही विभागणी परकी वाटू नये. लङ् लकार लिहिता यावा लागतो, लिट् लकार मात्र काव्य वाचताना ‘बभूव’ ओळखता आले की बहुतेकांचे भागते.

तेव्हा निवड अशी करावी. नोकरी, प्रवास, कॅनडात स्थायिक होणे किंवा डेल्फ एवढेच लक्ष्य असेल, तर हा रकाना बाजूला ठेवण्यात काहीही बिघडत नाही, आणि तो वेळ वर्तमानकाळी सुब्जाँक्तिफच्या अनियमित रूपांना द्यावा, कारण तेथे झालेली चूक लगेच ऐकू येते. ज्याला कादंबऱ्या, इतिहास किंवा गंभीर निबंध मुळातून वाचायचे आहेत, त्याने दुसरा मार्ग धरावा, आणि मला वाटते मराठी वाचकांपैकी बहुसंख्यांसाठी तोच योग्य आहे. पूर्ण रूपावली पाठ करण्याचा पहिला मार्ग पदव्युत्तर वर्गात फ्रेंच साहित्य घेतलेल्यांसाठी, सतराव्या ते एकोणिसाव्या शतकातील गद्य मराठीत आणू पाहणाऱ्यांसाठी आणि फ्रेंच शिकवणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. नाटके आणि पत्रे वाचताना प्रथम व द्वितीय पुरुषाची ती लांब रूपे समोर येतातच, आणि विद्यार्थ्याने वर्गात त्याविषयी विचारले तर शिक्षकाला फळ्यावर ती अडखळत लिहावी लागणे बरे नव्हे.

दुसरा मार्ग धरणाऱ्याने एत्र् आणि आव्हारपासून सुरुवात करून पुढे फेर, पुव्हार, दव्हार, व्हनिर आणि साव्हार यांची तृतीय पुरुषी एकवचने व अनेकवचने पास्से सँप्लच्या शेजारी लिहून काढावीत. आ-गटाची नियमित क्रियापदे त्यानंतर आपोआप लक्षात येतात, कारण त्यांत टोपीच्या जोडीला शेवटी एक न उच्चारला जाणारा ‘त’ही असतो आणि त्यामुळे डोळ्याची फसगत होत नाही.