एकाच बादलीचे दोन रिपोर्ट

४८,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी ८,७३०. एकूण ५७,२३० रुपये, सगळे आगाऊ, आरटीजीएसने. बिल आहे, पावती आहे, वर्षभराचे स्पायरल बाइंडिंग केलेले रिपोर्ट आहेत. नाही ती फक्त कारखान्याच्या सांडपाण्याची आणि चिमणीची तपासणी. ती झालीच नाही.

कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या एका एमआयडीसीत माझं झिंक प्लेटिंगचं छोटं युनिट आहे. कास्टिंगचे, नट-बोल्टचे जॉब येतात, आम्ही झिंक चढवतो, पिवळं पॅसिव्हेशन, म्हणजे गंज रोखणारा क्रोमियमचा थर, करतो आणि पाठवतो. ज्यांचा असा धंदा आहे त्यांना पुढचं सांगायला नको. कन्सेंट म्हणजे सांडपाणी-धूर सोडायची सरकारी परवानगी, दर तिमाहीला ईटीपीच्या (सांडपाणी साफ करणाऱ्या प्लँटच्या) पाण्याचे रिपोर्ट, ॲसिडची वाफ धुणाऱ्या स्क्रबरच्या चिमणीचे रिपोर्ट, ३० सप्टेंबरच्या आत पर्यावरण विवरणपत्र, आणि वर बड्या कंपनीचा ऑडिटर आला की तोही तीच फाइल मागणार. ‘काही न तपासता रिपोर्ट देणारे’ बाजारात आहेत हे मलाही ठाऊक होतं. तसला माणूस माझ्या दारात उभा आहे, एवढंच ठाऊक नव्हतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण त्यानंतर जो भेटला त्याने तोंडावर हेच म्हटलं: “तुम्हाला पास रिपोर्टच हवा होता ना?” नाही. पास रिपोर्ट हवा असता तर शेजारच्या गाळ्यात ३६,००० मध्ये वर्षाचं सगळं ‘मॅनेज’ करणारा दुसरा एक जण बसलेलाच होता. त्याला मी हाकललं. ८८,००० चं कोटेशनही आलं होतं, ते परवडणारं नव्हतं. मी मधला घेतला. ईटीपीवर तीन लाख चाळीस हजार घातले होते, ती नीट चालते की नाही हे मला खरोखर बघायचं होतं. पंचगंगेत मासे मेले की पहिलं बोट आमच्यासारख्या छोट्यांकडे येतं. निदान आपलं पाणी काय आहे हे आपल्याला माहीत असावं, इतकी साधी इच्छा होती.

हा एजंट माणूस गोड. ओळखीतून आलेला. “दादा, आपली एनएबीएल लॅब आहे, मशिनरी सगळी इंपोर्टेड.” एनएबीएल म्हणजे लॅबना मान्यता देणारी संस्था. लेटरहेडवर कोपऱ्यात तिचा लोगो, खाली सर्टिफिकेट नंबर. नंबरची सुरुवात ‘सीसी’ अशी होती. हे आता डोळ्यांत खुपतं. टेस्टिंग लॅबचा नंबर ‘टीसी’ने सुरू होतो, ‘सीसी’ म्हणजे कॅलिब्रेशन, वजनं-काटे-गेज तपासणारे. एनएबीएलच्या वेबसाइटवर नंबर टाकला की लॅबचं नाव, पत्ता, कुठल्या चाचण्यांना मान्यता आणि कधीपर्यंत, सगळं फुकट दिसतं. मी टाकला, पण पैसे गेल्यावर. नंबर भलत्याच राज्यातल्या भलत्याच कंपनीचा निघाला. त्या बिचाऱ्यांना पत्ताही नसेल. लोगोवर विश्वास ठेवू नका, नंबर टाका. आणि नंबर खरा निघाला तरी ‘स्कोप’ उघडून बघा. लॅबला पिण्याच्या पाण्याची मान्यता असते आणि सांडपाण्याचे रिपोर्ट त्याच लोगोखाली फिरत असतात.

आता तो दिवस, जो आठवला की आजही कान तापतात.

सॅम्पल न्यायला एक पोरगा आला. ईटीपीच्या आउटलेटचं पाणी त्याने मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत भरलं. एकच बाटली, एक लिटर. बाटलीवर जुनं लेबल अर्धं फाटलेलं, तारीख नाही, वेळ नाही, माझी सही नाही. बर्फाचा डबा नाही. ती बाटली स्कूटीच्या डिकीत टाकली आणि भर उन्हात पठ्ठ्या पुढच्या कंपनीकडे गेला. मी तिथंच उभा होतो. चहा पाजला त्याला!

आता कळतंय की त्या एका बाटलीतून रिपोर्टवरच्या अर्ध्या गोष्टी निघूच शकत नाहीत. ऑइल-ग्रीसला काचेची वेगळी बाटली लागते, प्लॅस्टिकला तेल चिकटतं. धातूंच्या सॅम्पलमध्ये नायट्रिक ॲसिड घालून पीएच २ च्या खाली आणतात, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला धरतात. सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो तो आकडा, त्याच्या सॅम्पलला सल्फ्युरिक. हेक्साव्हॅलंट क्रोमियमला, म्हणजे क्रोमियमच्या विषारी रूपाला, ॲसिड घालायचंच नाही, ते वेगळ्या बाटलीत. बीओडी म्हणजे तीच घाण जिवाणूंनी खाताना किती ऑक्सिजन लागतो तो आकडा, त्याचं सॅम्पल थंड ठेवायचं. म्हणजे सॅम्पल न्यायला येणाऱ्याच्या हातात चार-पाच बाटल्या आणि एक बर्फाचा डबा दिसलाच पाहिजे. एक बाटली घेऊन आला तर त्याला गेटवरूनच परत पाठवा.

आणि चिमणी! स्क्रबरच्या चिमणीला सॅम्पलिंगसाठी पोर्टहोल असतं, त्याची झाकणी चार बोल्टवर. रिपोर्टवर चिमणीच्या आतल्या वायूचा वेग, तापमान, ॲसिड मिस्ट, सगळं दोन दशांश स्थळांपर्यंत. बोल्टवरचा गंज मात्र तसाच, पान्याचा एक ओरखडा नाही. हे मी नंतर शिडी लावून स्वतः पाहिलं.

रिपोर्ट कसा, तर देखणा. सॅम्पल १४ तारखेचं, रिपोर्ट १५ तारखेचा. व्हॉट्सॲपवर पीडीएफ आली तेव्हा मी काय म्हणालो असेन? “काय फास्ट सर्व्हिस आहे!” बीओडी २२, सीओडी ८४, झिंक १.४, हेक्साव्हॅलंट क्रोमियम ‘बीडीएल’, म्हणजे लॅबला दिसण्याइतकंही नाही. आकडे लिटरला मिलिग्रॅममध्ये. मर्यादा अनुक्रमे ३०, २५०, ५ आणि ०.१. सगळं आत. पुढच्या तिमाहीत सीओडी ८६, त्याच्या पुढे पुन्हा ८४. आमच्याकडे जॉब रोज बदलतो, पाणी रोज बदलतं, पण रिपोर्ट काही हलायला तयार नाही.

मी केमिस्ट नाही. आयटीआय फिटर. बीओडी म्हणजे काय हे मी कुठल्या शाळेत शिकणार? पैसे कशाचे दिले होते मग?

पण आमचे ईटीपीवरचे तात्या, सातवी शिकलेले, त्यांना दिसलं होतं. पांढऱ्या बादलीत आउटलेटचं पाणी घेऊन आले आणि म्हणाले, “मालक, जरा पिवळसर वाटतंय बघा.” मी त्यांना रिपोर्ट दाखवला. “तात्या, क्रोमियम बीडीएल आहे. काहीच नाही पाण्यात.” तात्या बादली घेऊन गेले. मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, आणि तेवढ्याने पाणी डोळ्यांना पिवळं दिसत नाही. दिसलं म्हणजे मर्यादा कधीच ओलांडलेली असते. हा तो क्षण. बाकी सगळं मी केमिस्ट नाही म्हणून माफ करीन स्वतःला, बादली नाही.

काही आठवड्यांनी सरकारी अधिकारी तपासणीला आले, त्यांनी रीतसर सॅम्पल घेतलं. त्यात हेक्साव्हॅलंट क्रोमियम १.८ निघालं. कारणे दाखवा नोटीस आणि १,००,००० ची बँक गॅरंटी जप्त. इथं एक सांगून ठेवतो. १९७४ च्या जल कायद्यात कलम २१ खाली सॅम्पलचे दोन भाग करून सीलबंद करायचे असतात आणि दुसरा भाग राज्याच्या प्रयोगशाळेत पाठवा अशी मागणी तुम्ही त्याच वेळी करू शकता. मी केली नाही, कारण माझ्या कपाटात तीन ‘पास’ रिपोर्ट होते आणि मी निर्धास्त होतो.

बिघाड काय होता? पिवळ्या पॅसिव्हेशनच्या पाण्यातलं क्रोमियम मारायला पीएच अडीचच्या आसपास आणून सोडियम मेटाबायसल्फाइट घालतात, मग चुना टाकून खाली बसवतात. आमच्या रिडक्शन टाकीतल्या पीएच मीटरचा इलेक्ट्रोड मेला होता. आकडा दाखवत होता, पण खोटा. ॲसिड कमी पडत होतं, क्रोमियम तसंच पुढे जात होतं. इलेक्ट्रोड, डोसिंग पंप, मजुरी मिळून २२,४०० रुपये. पहिल्याच तिमाहीत कोणी खरं पाणी तपासलं असतं तर काम तेवढ्यात भागलं असतं.

माझी भाची पुण्यात एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. तिला रिपोर्ट पाठवले. पाच मिनिटांत फोन. “मामा, बीओडीची बाटली २७ डिग्रीला तीन दिवस इनक्युबेटरमध्ये बसते. हा दुसऱ्या दिवशी कसा निघाला?” मी गप्प. मग म्हणाली, “यांच्याकडून ब्लँक, डुप्लिकेट, स्पाइकचे आकडे माग.” ते काय, तर नुसत्या शुद्ध पाण्यावर तीच टेस्ट करून मशीन शून्य दाखवतं का ते बघणं, तेच सॅम्पल दोनदा करून आकडा जुळतो का बघणं, आणि सॅम्पलमध्ये माहीत असलेली मात्रा घालून ती परत सापडते का बघणं. नीट लॅब दर बॅचला हे करते आणि त्याचा चार्ट ठेवते. मी मागितलं. उत्तर आलं, “दादा, ते इंटर्नल असतं, कस्टमरला देत नाही.”

तेव्हा पोरीने सापळा लावला. पॅकेजमधली शेवटची तिमाही बाकी होती, नोटिशीचं मी एजंटला काही कळवलं नव्हतं. ती शनिवारी आली. एका स्वच्छ बादलीत बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर घेतलं. लिटरला ४२५ मिलिग्रॅम पोटॅशियम हायड्रोजन थॅलेट टाकलं. त्याने सीओडी ५०० येतो, लॅबवाले स्वतःची तपासणी करायला हेच वापरतात. वर लिटरला ४४ मिलिग्रॅम झिंक सल्फेट (हेप्टाहायड्रेट), म्हणजे झिंक १०. क्रोमियम एक कणही नाही. त्याच बादलीतून दोन बाटल्या भरल्या. एकीवर लिहिलं ‘इनलेट’, दुसरीवर ‘आउटलेट’. पोरगा आला, “भरून ठेवल्यात, घेऊन जा” म्हटलं, तो खूशच झाला.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी हजर. इनलेट: सीओडी ४१२, झिंक ३८, हेक्साव्हॅलंट क्रोमियम २४. आउटलेट: सीओडी ८६, झिंक १.६, क्रोमियम बीडीएल. एका बादलीचं पाणी! डिस्टिल्ड वॉटरमधून २४ मिलिग्रॅम क्रोमियम काढलं यांनी, आणि मग माझ्या बंद पडलेल्या ईटीपीने ते साफही केलं. भाची हसत होती, मला हसू येईना.

पैसे परत मागितले. एजंट आधी “लेबल बदलली असतील” म्हणाला, मग ते सुरुवातीला लिहिलेलं वाक्य, मग फोन बंद. लेटरहेडवरच्या पत्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे.

आता साहेब लोकांची कहाणी. पोलीस ठाण्यात दोन्ही रिपोर्ट शेजारी-शेजारी ठेवले. ठाणे अंमलदारांनी उलटसुलट बघितले. “पाण्याचे पैसे घेतले, पाण्याचा रिपोर्ट दिला. यात फसवणूक कुठाय? सिव्हिल मॅटर आहे.” चारशे वीसचं आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय हे मीच त्यांना सांगितलं, त्याचा रागच आला. अर्ज ठेवून घेतला, पोच द्यायला खळखळ. दुसरं एक कार्यालय, ज्याचं नाव मी घेत नाही कारण माझ्या परवानगीचं नूतनीकरण त्यांच्याच टेबलावर आहे, तिथे म्हणाले, “लॅब तुम्ही निवडली, जबाबदारी तुमची.” बरं, पण हेच खोटे रिपोर्ट तीन तिमाही तुम्हीही फाइलला लावून घेतलेत ना? सॅम्पलच्या दुसऱ्या दिवशीचा बीओडी तुमच्या केमिस्टला दिसला नाही? यावर साहेबांनी घड्याळ बघितलं. ग्राहक आयोगात जायचं म्हटलं तर वकील म्हणाले, २०१९ च्या कायद्यात धंद्यासाठी घेतलेली सेवा बसत नाही, फक्त पोटापुरता स्वयंरोजगार असेल तर सूट. माझ्याकडे नऊ कामगार, म्हणजे मी बडा उद्योगपती! दंड करताना मी जबाबदार, फसवलं तर मी व्यापारी, तक्रार केली तर मीच संशयित. जो तो माझ्याकडे असा बघतो की मीच ते रिपोर्ट छापले. एजंटकडे कोणी बघत नाही, तो त्याच स्कूटीवर फिरतोय. आता अर्ज पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवलाय, तिथून नाही हललं तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे.

खरी लॅब शेवटी सापडली. २७,००० अधिक जीएसटी, ३१,८६०. त्यांनी गुरुवारी सॅम्पल घ्यायलाच नकार दिला, “बीओडीचं रीडिंग रविवारी येतं, सोमवारी या.” तिथंच मला पटलं. स्पाइकची रिकव्हरी ९४ टक्के, न मागता जोडून दिली. रिपोर्टमध्ये एक पॅरामीटर नापास आला, सस्पेंडेड सॉलिड्स, १०० च्या वर. इतका आनंद मला कुठल्या पास रिपोर्टने झाला नव्हता.

‘बीडीएल’ दिसलं की डिटेक्शन लिमिट विचारा. मर्यादा ०.१ आणि लॅबला ०.५ च्या खालचं दिसतच नसेल, तर त्या तीन अक्षरांना अर्थ नाही. क्रोमियमवाल्यांनी डायफिनाइल कार्बझाइडचं साधं किट ईटीपीजवळ ठेवा, गुलाबी-जांभळं झालं की पाणी सोडू नका. वर्षाचे पैसे आगाऊ देऊ नका, कितीही सूट देऊ देत. बादली-बाटलीचा सापळा पहिल्याच तिमाहीत लावा, माझ्यासारखा नोटीस आल्यावर नको. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली लॅबला मान्यता आहे का आणि तिची मुदत संपली नाही ना, तेही बघा.

५७,२३०, एक लाख, ३१,८६० आणि २२,४००. एकूण २,११,४९० रुपये. एजंटने आता लेटरहेड बदललंय, निळ्याचं हिरवं केलंय, लोगो तोच. गेल्या आठवड्यात तो आमच्या मागच्या गल्लीतल्या पावडर कोटिंगवाल्याकडे चहा पिऊन गेला. त्या दोन रिपोर्टांच्या झेरॉक्स मी काढून ठेवल्यात. ज्याला हव्यात त्याने युनिटवर यावं, एक ते दोन जेवणाची सुट्टी सोडून कधीही.