कार्नफर्थ स्टेशन: चहा ठीक, पण रुमाल घेऊन जा

सरळ सांगते, नुसत्या चहासाठी एवढ्या लांब जाऊ नका. चहा चांगलाय, स्कोनही छान, पण तसा चहा इंग्लंडात कुठल्याही गावात मिळतो. कार्नफर्थला जायचं ते 'ब्रीफ एन्काउंटर'साठी. डेव्हिड लीनचा 1945 चा सिनेमा, त्यातलं स्टेशन ते हेच, लँकेस्टरहून लोकल गाडीने दहाएक मिनिटं. जुन्या इमारतीत आता हेरिटेज सेंटर केलंय, आत जायला पैसे लागत नाहीत आणि एका छोट्या खोलीत तोच सिनेमा सारखा चालू असतो, संपला की परत पहिल्यापासून.

रिफ्रेशमेंट रूम सिनेमातल्यासारखी सजवलीय. गंमत म्हणजे सिनेमातली ती रूम इथे नव्हतीच, आतले सीन डेनम स्टुडिओत सेट लावून घेतलेले, म्हणजे आता खऱ्या स्टेशनवर खोट्या सेटची नक्कल उभी आहे 😄 पण जमलीय. मी आईला घेऊन गेले होते, आदल्या रात्री घरी सिनेमा दाखवलेला, तर काउंटर बघितल्याबरोबर ती म्हणाली, "ती ठसक्यात बोलणारी बाई इथेच उभी असते ना गं?" तीच ती, मर्टल, जिचे बन सगळे जमिनीवर सांडतात. बाहेर ते मोठं घड्याळ आहे, त्याच्याखाली फोटो काढायला जोडप्यांची गर्दी. काढा की, कोण नको म्हणतंय, पण माझी तक्रार इथेच सुरू होते. तक्रार सेंटरवर नाही, आपण बघणाऱ्यांवर.

या सिनेमाला सगळे रोमँटिक, रोमँटिक म्हणतात. अहो, त्यातली बाई आगगाडीखाली जीव द्यायला निघालेली असते! लॉरा, नवरा आहे, दोन मुलं आहेत, दर गुरुवारी बाजारहाट करायला, लायब्ररीचं पुस्तक बदलायला शेजारच्या गावी जाते, स्टेशनवर डोळ्यात कण जातो, तो एक डॉक्टर काढून देतो, मग दोघं प्रेमात पडतात, आणि पुढचं सगळं काही गुरुवारांत घडून संपतंसुद्धा. मुलाला गाडीचा धक्का लागतो तर हिला वाटतं ही आपल्यालाच शिक्षा. मित्राच्या फ्लॅटवर भेटायची वेळ येते तेव्हा मित्र अवेळी परत येतो आणि ही मागच्या जिन्याने पळते, मग पावसात एकटी भटकते आणि बाकावर जाऊन बसते, पोलीस येऊन विचारतो ठीक आहात ना. यात रोमँटिक काय आहे? लाज, भीती आणि खोटं बोलून बोलून आलेला थकवा आहे.

आणि शेवटची भेट. दोघं टेबलाशी बसलेत, काही मिनिटं उरलीत, तेवढ्यात ओळखीची एक बडबडी बाई येऊन मधे बसते. नीट निरोपसुद्धा नाही. तो उठताना फक्त हिच्या खांद्यावर हात ठेवतो, जरासा दाबतो आणि जातो. मग एक्स्प्रेसची शिट्टी येते, ही ताडकन उठून बाहेर धावते, कॅमेरा हळूहळू तिरका होतो, गाडीच्या खिडक्यांचा उजेड तिच्या तोंडावर सटासट पडत राहतो. ती थांबते. आत येऊन त्या बडबडीला सांगते की एक्स्प्रेस जाताना बघायची होती. त्या छोट्या खोलीत तेव्हा आम्ही चार-पाच जण असू. पुढच्या रांगेतल्या आजींनी चष्मा काढला. मागे दोन पोरं बसलेली, ती मघापासून त्या जुन्या तोऱ्यातल्या उच्चारांना फिदीफिदी हसत होती, ती गप्प झाली.

हसण्याचं म्हणाल तर ते नवीन नाही. सिनेमा तयार झाल्यावर लीनने तो रॉचेस्टर या इंग्लंडातल्या गावी लोकांना दाखवून बघितला, प्रेक्षकांत नौदलाची मंडळी बरीच, आणि प्रेमाच्या सीनला सगळं थेटर हसायला लागलं. लीनला म्हणे निगेटिव्ह जाळून टाकावीशी वाटली. आणि तोच सिनेमा पुढे फ्रान्सच्या कान चित्रपट महोत्सवात बक्षीस घेऊन आला, लॉरा झालेल्या सेलिया जॉन्सनला ऑस्करचं नामांकन मिळालं, 1999 मध्ये ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटच्या शंभर उत्तम ब्रिटिश सिनेमांच्या यादीत दुसरा आला. मला त्या रॉचेस्टरवाल्यांचा राग येत नाही. समोर कोणी एवढं उघडं दुःख मांडलं की बघणारा एकतर रडतो, नाहीतर हसून सुटका करून घेतो.

लॉराचं एवढं का लागतं यावर येताना गाडीत आमची बरीच चर्चा झाली. त्या काळातल्या दुसऱ्याही बिथरलेल्या बायका आहेत की. 'ब्लॅक नार्सिसस' या सिनेमातली (1947) सिस्टर रूथ घ्या, हिमालयातल्या मठात वेडी होत जाणारी नन. ती लाल लिपस्टिक लावते तो सीन बघताना अंगावर काटा येतो, पण आपण तिच्यापासून लांब सरकतो, तिची भीती वाटते. लॉरापासून सरकायला जागाच नाही. अख्खी गोष्ट ती मनातल्या मनात नवऱ्याला सांगत असते, तो समोर बसून शब्दकोडं सोडवतोय, त्याला यातलं काही ऐकू येत नाही, ऐकतो फक्त आपण. म्हणजे तिने ज्याला सांगायचं त्याच्याऐवजी ते ओझं आपल्यावर येऊन पडतं, वरून रॅकमॅनिनॉफ या रशियन संगीतकाराचा पियानो, मग डोळ्यातून पाणी नाही येणार तर काय!

आईचं पहिलं म्हणणं होतं, "एवढा चांगला नवरा आहे, सांगून टाकायचं की." दुसऱ्यांदा, तिथे बघताना, शेवटी तो नवरा, फ्रेड, जवळ येऊन म्हणतो की तू फार लांब गेली होतीस, परत आलीस, थँक्यू, तेव्हा तिने माझा हात धरला. "त्याला कळलं होतं वाटतं गं सगळं." मला अजून नक्की ठरवता येत नाही. बाहेर आल्यावर आमचं भांडणच झालं त्यावरून.

अजून एक, हे कुठल्या माहितीपत्रकात नीट कळत नाही. मेन लाइनचे प्लॅटफॉर्म 1970 लाच बंद झाले, त्यामुळे लंडन-ग्लासगो गाड्या इथे न थांबता कुंपणापलीकडून धडधडत जातात. सिनेमा बघून बाहेर आलात आणि तेवढ्यात एक गेली ना, की पोटात गोळा येतो. आई दोन पावलं मागेच सरकली. कुठल्याही प्रदर्शनाच्या पाटीपेक्षा हे भारी आहे, आणि फुकट.

जाणार असाल तर सिनेमा आधी घरी बघून जा, मधूनच खोलीत शिरलात तर नुसतं काळंपांढरं काहीतरी वाटेल. सेंटर उघडं असण्याचे वार आणि परतीची लोकल दोन्ही बघूनच निघा. आईवडिलांना नेणार असाल तर एका प्लॅटफॉर्मवरून दुसरीकडे जायला भुयारी रस्ता आहे, त्याला उतार आहे, जिने नाहीत, सिनेमात ते दोघं पळतात तोच. पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो चहाचा.