स्पाइक्सचा सोल निघालाय? सारसबागेजवळच्या काकांकडे जा

पुण्यात मैदानावर पळणाऱ्या कुणाच्याही बुटांचा सोल सुटला तर मी आता एकच पत्ता सांगणार. सणस मैदानावरून सारसबागेकडे चालत यायचं. फूटपाथला लागून निळी ताडपत्री, एक लाकडी पेटी आणि पेटीच्या मागे बसलेले काका दिसतील. दुकानाला पाटी नाही. गेल्या आठवड्यात त्यांनी माझे स्पाइक्स, म्हणजे शर्यतीचे खिळ्यांचे बूट, दुरुस्त केले आणि त्याच बुटांवर मी शनिवारी माझी आजवरची सगळ्यात चांगली शर्यत पळाले. त्यामुळे हा अनुभव जरा सविस्तर लिहिते.

मी बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजकडून ३,००० मीटर स्टीपलचेस पळते. ज्यांनी ही शर्यत पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. साधारण साडेसात फेऱ्यांत २८ वेळा लाकडी अडथळा ओलांडायचा आणि ७ वेळा पाण्यात उतरायचं. मुलींसाठी अडथळ्याची उंची ७६.२ सेंटीमीटर असते. शंभर मीटरच्या हर्डलसारखा तो धक्का लागून पडत नाही, तो जागचा हलतच नाही. पाण्यापाशी मी अडथळ्यावर उजवा पाय ठेवते, तिथून रेटा देऊन पुढे झेपावते आणि डाव्या पायावर पाण्यात उतरते. मी सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली. ललिता बाबर यांचं गाव मोही आमच्याच तालुक्यातलं. २०१६ साली रिओला त्या याच शर्यतीत ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत पळाल्या, तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते आणि आमच्या सरांनी वर्गात त्यांचा फोटो लावला होता. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघायची सवय. पळायच्या ट्रॅकवर पाण्याचा खड्डा असतो हे मला तेव्हा खरंच वाटलं नव्हतं.

माझे स्पाइक्स नवे नाहीत. कॉलेजमधल्या एका सीनियर ताईने पास आउट होताना मला ते १,५०० रुपयांना दिले. नवे घ्यायचे तर त्याच्या तिप्पट लागले असते. मागच्या वर्षी त्यांचा पुढचा सोल थोडा सुटला होता, तेव्हा मी ते दुसऱ्या एका ठिकाणी दिले. तिथे दोन मिनिटांत झटपट चिकटणारा गोंद टाकून बूट हातात दिले. तो गोंद वाळल्यावर काचेसारखा कडक होतो. पळताना बूट चवड्यापाशी हजार वेळा वाकतो, तिथे कडक गोंद तडकतोच. चार दिवसांत तडकला आणि त्याची धार माझ्या अंगठ्याला लागून नख काळं पडलं. तेव्हापासून स्पाइक्स कुणाच्या हातात द्यायचे म्हटलं की मला धास्ती वाटायची.

आणि नेमकं शर्यतीच्या आधीच्या रविवारी, बालेवाडीला पाण्याचा सराव करताना, चौथ्या उडीला डावा सोल पुढून उघडला. पाण्यातून बाहेर आले तर बुटाने जबडा वासलेला. शनिवारी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, सोमवारी केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल, बुधवारी असाइनमेंट द्यायची, गुरुवारी रूममेटचा वाढदिवस. आमचे कोच सर म्हणाले, "घाबरू नको, सहा दिवस आहेत."

सोमवारी सकाळी नऊला मी काकांसमोर उभी होते. बूट हातात घेऊन त्यांनी आत बोट घातलं आणि परत माझ्या हातात दिले.

"आधी सुकव पोरी. ओल्यावर सोल्युशन धरत नाही. उन्हात नको ठेवू, पंख्याखाली ठेव. कागद भर आत. उद्या ये."

"काका, शनिवारी स्पर्धा आहे हो. आज नाही का होणार?"

"आज केलं तर शुक्रवारी परत येशील."

मला हे फार आवडलं. समोर गिऱ्हाईक उभं आहे, पैसे द्यायला तयार आहे आणि माणूस म्हणतो की आज नाही करणार. हॉस्टेलवर येऊन मी बुटांत वर्तमानपत्राचे बोळे भरले, दुपारी प्रॅक्टिकलहून आल्यावर ते बदलले, रात्री पुन्हा बदलले. टायट्रेशनचं रीडिंग तिन्ही वेळा सारखं आलं, ही सोमवारची आणखी एक चांगली गोष्ट.

मंगळवारी गेले तेव्हा काकांनी बूट हातात घ्यायच्या आधी विचारलं, "ह्याने करतेस काय नेमकं? पाण्यात कशाला घालतेस?" मी फोनवर सरावाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो तीन वेळा पाहिला. तिसऱ्या वेळी पाण्याच्या उडीवर बोट ठेवून मला थांबवायला सांगितलं. "दर वेळी हाच पाय पडतो का?" मी म्हटलं, हो, नेहमी डावाच. "मग उजव्याला दोन टाके कमी चालतील. डाव्याला जास्त घालू." बूट दुरुस्त करणाऱ्याने मी कशी पळते हे आधी विचारावं, असं माझ्या बाबतीत पहिल्यांदाच घडलं.

मी तिथेच स्टुलावर बसले आणि काम पाहिलं. त्यांनी माझ्याकडून स्पाइक्सची किल्ली मागून घेतली आणि दोन्ही बुटांचे सगळे खिळे सोडवून एका बाटलीच्या झाकणात ठेवले. खिळे तसेच ठेवून हातोडी मारली असती तर सोल ऐरणीवर सपाट बसला नसता. मग रापीने जुना गोंद खरवडायला घेतला. मागच्या दुरुस्तीचा तो काचेसारखा थर कपच्या होऊन निघत होता. सगळा निघाल्याशिवाय ते पुढे गेले नाहीत, त्यातच अर्धा तास गेला. मग दोन्ही बाजू पॉलिश पेपरने घासून खरखरीत केल्या, फडक्याने पुसल्या आणि सोल्युशनचा पातळ थर वरच्या भागाला आणि सोलला, दोन्हीकडे लावला.

आता चिकटवतील असं मला वाटलं. त्यांनी बूट बाजूला ठेवून एका आजोबांच्या चपलेचा अंगठा शिवायला घेतला. पंधरा-वीस मिनिटांनी बोटाची मागची बाजू हलकेच सोल्युशनला टेकवून पाहिली. "बोटाला लागत नाही, पण ओढतंय. आता." एका दमात सोल बसवला, ऐरणीवर ठेवून कडेकडेने हातोडी मारत गेले आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी बुटाभोवती घट्ट गुंडाळली. रात्रभर तसंच राहू दे म्हणाले.

बुधवारी असाइनमेंट देऊन गेले तेव्हा टाके घालायचं काम चालू होतं. स्पाइक्सच्या खालची प्लास्टिकची प्लेट शिवायची नसते. तिला आरीने भोक पाडलं की पुढे तिथूनच चीर जाते. काकांना हे कुणी सांगावं लागलं नाही. प्लेटच्या वरच्या बाजूला रबराची जी कड येते, तेवढ्यातच त्यांनी मेण लावलेल्या दोऱ्याने टाके घातले. डाव्याला आठ, उजव्याला सहा. प्रत्येक टाका आत हात घालून बोटाने चाचपून पाहिला. आत गाठ राहिली तर पायाला लागेल म्हणून गाठी बाहेरच्या बाजूला घेतल्या. माझं काळं नख मी त्यांना दाखवलं नव्हतं, तरी त्यांनी हा विचार केला. शेवटी बूट घालून चवड्यावर उभं राहायला लावलं, दोन्ही बाजूंना वाकायला लावलं आणि मगच पैशांचं बोलले.

दोन्ही बुटांचे मिळून १४० रुपये. माझ्या किटबॅगची चेन अडकत होती, तीही मेण घासून सरळ करून दिली, तिचे घेतले नाहीत. क्यूआर कोड आहे, सुट्ट्यांची अडचण येत नाही.

काही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. काका एकटे आहेत, संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर गर्दी होते, तेव्हा सकाळीच जा. जोराचा पाऊस आला तर ताडपत्रीखाली काम होत नाही. काम दोन-तीन दिवस घेतं, स्पर्धेच्या आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही. आणि सरावाच्या बुटांचा आतला फोम बसला असेल तर ते हात लावत नाहीत. मी माझे रोजचे रनिंग शूज पण दाखवले होते. अंगठ्याने टाच दाबून म्हणाले, "ह्याच्यात जीव नाही राहिला. मी वरून नवा सोल लावून देईन, पैसे घेईन, पण तुझे गुडघे दुखतील. नवे घे." आमचे सरही महिनाभर हेच सांगत होते.

गुरुवारी संध्याकाळी ट्रॅकवर शंभर-शंभरच्या सहा धावा मारल्या. पहिल्या दोन मी जपून पळाले, तिसरीला विसरून गेले की बूट दुरुस्त केलेत. तिथून धावत हॉस्टेल, केक कापून झालेला, माझा तुकडा झाकून ठेवलेला. शुक्रवारी आईने एसटीने आलेल्या गावातल्या दादाकडे शेंगदाण्याचे लाडू पाठवले. फोनवर म्हणाली, "दोनच खा, उद्या पळायचंय." मी दोनच खाल्ले, बाकीच्यांतले बरेचसे रिले टीमने संपवले.

शनिवारी सकाळी साडेसातला गन झाली. पहिल्या पाण्याला थोडी धाकधूक होती. डावा पाय पाण्यात पडला, बूट भरला, पुढच्या पावलाला पाणी पिचकत बाहेर आलं आणि सोल जागच्या जागी. दुसऱ्या पाण्यानंतर मी बुटांचा विचारच केला नाही. चौथ्या फेरीला पाचवी होते, शेवटच्या पाण्याला तिसरी. तिथे पुढच्या मुलीने अडथळ्यावर पाय ठेवायच्या आधी पावलं छोटी केली आणि मी तिच्या बाजूने सरळ झेपावले. दुसरा नंबर. वेळ ११ मिनिटं ४६ सेकंद, आधीच्यापेक्षा १७ सेकंदांनी कमी. सरांनी स्टॉपवॉच मला दाखवलं आणि काही न बोलता पाठीवर थाप मारली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप असतं.

सोमवारी सकाळी लेक्चरच्या आधी मी पदक आणि उरलेल्यातले चार लाडू घेऊन काकांकडे गेले. त्यांनी लाडू पेटीवर ठेवले, पदक हातात घेऊन दोन्ही बाजूंनी नीट पाहिलं, शेजारच्या चहावाल्यालाही दाखवलं. मग म्हणाले, "बूट आणलेस का?" आणले होते. डावा उलटा करून त्यांनी चवड्यापाशी वाकवला, कडेवरून नख फिरवत गेले आणि सहाव्या टाक्यावर थांबले. "हा सैल झालाय बघ." पेटीतून आरी काढली. विद्यापीठाच्या पुढच्या फेरीला अजून तीन आठवडे आहेत, पण तो टाका त्यांनी तेव्हाच नवा घातला.