थंडरबर्डमधली डिजिटल सही: नावाने आणि टोपणनावाने

मी नारायण पेठेत करसल्लागार आहे. मागच्या मार्चमध्ये कुणीतरी माझ्या नावाने क्लायंटना मेल केले, 'बँक खातं बदललंय, फी यात भरा.' दोघांनी भरलीसुद्धा. त्यातले एक काका पासबुक घेऊन ऑफिसात आले, तेव्हा मला कळलं.

मेल खरंच माझा आहे हे क्लायंटना तपासता यावं म्हणून आधी जीएसटीचं डीएससी टोकनच (डिजिटल सहीचं प्रमाणपत्र असलेला यूएसबी) मेलला लावून पाहिलं. सही झाली, पण प्रमाणपत्र उघडलं तर आत माझं नाव, राज्य, घराचा पिनकोड! रिटर्नला ते ठीक, दर मेलसोबत कशाला वाटायचं? मग थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्राममधलं ओपनपीजीपी, म्हणजे मेलवर सही करायची सोय, घेतलं. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून ते आतच असतं, फुकट. सही करायची किल्ली (एक डिजिटल फाइल) लगेच तयार होते. वेळ जातो तो तिचा फिंगरप्रिंट, म्हणजे किल्ली ओळखायचा आकडे-अक्षरांचा क्रम, पोचवण्यात. मी तो व्हिजिटिंग कार्डाच्या मागे छापला आणि प्रत्येकाला फोनवर वाचून दाखवला. हे टाळू नका, माझ्या नावाची किल्ली कुणीही बनवू शकतो. सहीने मजकूर झाकला जात नाही, हेही लक्षात ठेवा.

माझा दुसराही एक मेल आयडी आहे. मुठेकाठी रात्री राडारोडा टाकतात, त्याचे फोटो मी टोपणनावाने पाठवते. तळेगावचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा २०१० साली खून झाला, ते मी विसरलेले नाही. घरी आई आहे. एकदा घाईत या खात्यालाही ऑफिसचीच किल्ली जोडली होती. पाठवण्याआधी दिसलं म्हणून वाचले. सहीत किल्लीची ओळख असते. दोन मेल शेजारी ठेवले की बाई एकच, हे उघड, आणि मग 'मी नव्हेच' म्हणायची सोय नाही.

आता त्या नावाची किल्ली वेगळी, थंडरबर्डचं प्रोफाइलही (खाती आणि किल्ल्या ठेवायचा कप्पा) वेगळं. ओपनपीजीपीला कुणाचा शिक्का लागत नाही, म्हणून टोपणनावाची किल्ली चालते. मागच्या वेळी जिने फोटो पाठवले तीच ही, एवढंच ती सांगते. कोण ते सांगत नाही. मला याचं फार मोल वाटतं. मात्र काही मेलसेवा हेडरमध्ये, म्हणजे मेलसोबत जाणाऱ्या तांत्रिक माहितीत, पाठवणाऱ्याच्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता टाकतात, ते सहीने लपत नाही. तुमची सेवा तपासून घ्या.

या सोयीला माझे गुण पाचपैकी चार. एक गुण कापला, कारण ज्यांच्याकडे सही तपासायची सोय नाही त्यांना नुसती एक अनोळखी फाइल जोडलेली दिसते आणि ते घाबरून फोन करतात. काकांच्या लॅपटॉपवर मी स्वतः घरी जाऊन थंडरबर्ड बसवून दिलं.