मेव्हण्याची गिटार: आठ महिन्यांनंतर

फेब्रुवारीत माझ्या चाळिसाव्या वाढदिवसाला मेव्हणा इंदिरानगरहून स्कूटरवर आला. मागे त्याचा मित्र, आणि मित्राच्या मांडीवर बेडशीटमध्ये गुंडाळलेलं काहीतरी लांबुळकं. "दाजी, घ्या. माळ्यावर नुसती पडून होती." आत गिटार निघाली. कलकत्त्याची बनावट, आतलं लेबल झुरळांनी खाल्लेलं, नाव वाचता येत नाही. कॉलेजात असताना त्यानेही ती सेकंडहँडच घेतली होती, म्हणजे माझ्यापर्यंत येईतो निदान तिसरा हात. तारा पाच, त्याही गंजलेल्या. बायको म्हणाली, "माळा रिकामा करायचा होता त्याला, दुसरं काय!"

मी नाशिकमध्ये सातपूरला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. घासलेला पार्ट बघून मशीन कुठे चुकतंय ते ओळखायचं, हे रोजचं काम. त्यामुळे वाजवायच्या आधी तपासणीच केली. साउंडहोलच्या, म्हणजे पेटीवरच्या गोल भोकाच्या, खालचं पॉलिश पिकने (तारा छेडायच्या पातीने) खरवडून पार लाकूड दिसतंय. मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, पाहिले. दुसऱ्या तारेखाली पहिला आणि तिसरा फ्रेट चांगलाच खोदलेला, पाचव्या तारेखाली दुसरा. पाचव्या फ्रेटच्या पुढे माल कोरा करकरीत. म्हणजे जी, सी, डी, ई मायनर हे चार सोपे कॉर्ड, संपलं. "गॅदरिंगला मी सोलो वाजवायचो" हे मी लग्न झाल्यापासून मेव्हण्याकडून ऐकतोय. फ्रेट खोटं बोलत नाहीत.

पण खरं दुखणं ओरखड्यांचं नव्हतंच. तारा फार उंच होत्या. बाराव्या फ्रेटवर सहावी, सगळ्यात जाड तार ४.६ मिमी वर. तिथे अडीच-तीन असेल तर माणूस शिकू शकतो. सी कॉर्ड धरला की विळीवर बोट दाबल्यासारखं व्हायचं. मेन रोडच्या मागे एका दुकानात दाखवली, तर त्यांनी हातातही घेतली नाही. "शोकेसला लावा" म्हणाले आणि नवीन काढून दाखवायला लागले. राग आला, आणि बहुतेक त्या रागातच पुढचं सगळं घडलं.

मान थोडी वाकलेली आहे. ती सरळ करायला आत ट्रस रॉड असतो, अ‍ॅलन की घालून पिळायचा. मी डोक्यावरची छोटी पाटी स्क्रू काढून उघडली. आत काहीच नाही! पाटी शोभेची. मग उरला ब्रिज, म्हणजे पेटीवर तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी. या जातीच्या गिटारचा ब्रिज चिकटवलेला नसतो. तारा खाली पत्र्याच्या टेलपीसला अडकतात आणि त्यांच्या दाबानेच ब्रिज जागेवर बसतो. हे मला कळलं ते सगळ्या तारा एकदम काढल्यावर, ब्रिज टुणकन हातात आला तेव्हा. तुमच्याकडे अशी गिटार असेल तर आधी ब्रिजभोवती पेन्सिलीने खूण करा किंवा एकेक तार बदला.

उंचीचा हिशोब सोपा आहे. बारावा फ्रेट तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून तिथे १ मिमी उतरवायची तर ब्रिज २ मिमीने घासावा लागतो. मला १.६ कमी हवी होती, म्हणजे ३.२ घासायचं. टेबलाच्या काचेवर पॉलिश पेपर चिकटवला आणि दोन रविवार ब्रिजचा तळ घासत बसलो. मोजायला कंपनीतलं व्हर्नियर घरी आणलं होतं, ते जाऊ दे.

ब्रिज परत बसवताना लाकडावर त्याची जुनी फिकट जागा दिसत होती, तिथेच ठेवला. कॉर्ड बरे वाजले, पण वरच्या फ्रेटला गेलं की सूर चढा. स्टीलच्या पट्टीने मोजलं: नटपासून (मानेच्या वरच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) बारावा फ्रेट ३२५ मिमी. म्हणजे ब्रिज ६५० च्या थोडा पलीकडे हवा, आणि ती जुनी जागा होती ६४४ ला. इतकी वर्षं सहा मिलिमीटर चुकीच्या जागी! खालच्या तीन फ्रेटवर ही चूक कानाला जाणवतच नाही, बाराव्यावर लगेच जाणवते. मेव्हण्याला ती का सापडली नाही, ते फ्रेटनीच आधी सांगितलं होतं. आता ब्रिज ६५२ वर आहे, जाड तारेच्या बाजूला किंचित आणखी मागे. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून निघणारा सूर) वाजवायचा, मग तीच तार तिथे दाबून वाजवायची, दोन्ही सूर ट्यूनरवर जुळेपर्यंत ब्रिज चिमूटभर सरकवायचा.

तारा अकराच्या सेटच्या (सगळ्यात बारीक तार ०.०११ इंच) लावल्या. बाराचा आवाज भरदार असतो, पण त्या सेटचा एकूण ताण सत्तर किलोच्या घरात जातो, आणि रॉड नसलेल्या मानेला तो कशाला? तिसऱ्या तारेची खुंटी घसरायची, म्हणून एका बाजूच्या तीन बदलल्या. सगळा खर्च साडेअकराशे. फुकटची वस्तू फुकट पडत नाही, पण एवढ्यात नवीन बरी गिटार येत नाही हेही खरं.

एप्रिलच्या कोरड्या उन्हात फ्रेटची टोकं बाहेर आली आणि तळहाताला टोचू लागली. बारीक कानशीने मारली. जुलैत लाकूड फुगलं, तारा पुन्हा जराशा वर. पिशवीत कंपनीतल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या, फरक पडला. आवाज म्हणाल तर मधलाच सूर पुढे, खर्ज कमी, थोडा डब्यासारखा. मला तो आवडतो. ज्यांना घुमणारी गिटार हवी त्यांनी ही घेऊ नये. सेकंड शिफ्ट करून साडेअकराला घरी आलो की ब्रिजजवळ तारांखाली रुमाल सारतो आणि अर्धा तास बसतो. शेजाऱ्यांची तक्रार अजून नाही.

कोजागिरीला मेव्हणा आला. गच्चीवर दूध आटत होतं. गिटार मांडीवर घेतली, जी वाजवला, थांबला. "दाजी, एवढी हलकी कधी झाली ही?" मग सी, डी, ई मायनर. मुलीने एफ कॉर्ड असलेलं गाणं मागितलं, तर म्हणाला, "ते नको, दुसरं सांग."

परवा तारा बदलताना सवयीने भिंग लावलं. पहिल्या फ्रेटवर, सहाव्या तारेखाली, एक बारीक चकचकीत रेघ आलीय. एफला तर्जनी सगळ्या तारांवर आडवी दाबावी लागते, तिथली. फेब्रुवारीत ती नव्हती.