'सर्टिफिकेट आलं मॅडम' म्हणला आणि आम्ही पाऊच छापून मोकळे

लिहायला उशीरच केला, पण ब्रँडच्या नावाचा ट्रेडमार्क करून देतो म्हणून आम्हाला फोन करून एकानं फसवलं, आणि परवा आमच्या बचत गटातल्या एकीला अगदी तसाच फोन आला म्हणून आता लिहितेच. आम्ही कराडकडचे. सासूबाई आणि मी 2016 पासून कांदा-लसूण मसाला करतो, आमच्याकडं त्याला चटणीच म्हणतात, उन्हाळ्यात डंकावर कुटून आणायची आणि वर्षभर विकायची. ब्रँडचं नाव पण सासूबाईंचंच, गावात त्यांना ज्या नावानं हाक मारतात ते. इथं लिहीत नाही, का ते पुढं कळेल.

2022 च्या फेब्रुवारीत उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, केली आणि आठ दिवसांत फोन. मी ट्रेडमार्क अ‍ॅडव्होकेट बोलतोय, तुमच्या नावासाठी दुसऱ्या पार्टीनं चौकशी केलीय, आज फाइल केलं नाही तर नाव हातचं जाईल. माझ्या तर पोटात गोळाच आला. नंबर कुठून मिळाला हे विचारायचं पण सुचलं नाही. पॅकेज 14,999 रुपयांचं, त्यात म्हणे 9,000 सरकारी फी आणि उरलेली त्याची, आणि 'तीन दिवसांत ट्रेडमार्क'. आधार, पॅन, लोगोचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला, स्टॅम्प पेपरवर सही करून दिली, पैसे यूपीआयनं एका बाईच्या पर्सनल खात्यावर. मिस्टर म्हणत होते पावती घे, मी म्हणलं अहो वकील आहे तो.

चौथ्या दिवशी पीडीएफ आली, वर सिंहाची मुद्रा, खाली आमचं नाव, एक नंबर. 'सर्टिफिकेट आलं मॅडम, आता बिनधास्त गोलातला आर टाका.' तो ® म्हणजे नाव सरकारदरबारी नोंदलंय याची खूण. आम्ही पेढे वाटले, खोटं नाही सांगत. मग छापील पाऊच करायचे ठरले, ते थोडे छापून मिळत नाहीत, छपाईचे सिलेंडर बनवायला लागतात, सगळं मिळून 38,000 गेले. पाऊचवर नावाच्या डोक्यावर तो गोलातला आर, सासूबाई बोट फिरवून बघायच्या.

दीड वर्ष काही नाही. 2023 च्या नोव्हेंबरात पुण्याच्या एका दुकानदारानं माल ठेवायच्या आधी ट्रेडमार्कचे कागद मागितले, मी ती पीडीएफ पाठवली तर तो म्हणाला ताई हे सर्टिफिकेट नाही, कुणाला तरी दाखवून घ्या. चुलत दिराच्या ओळखीनं कोल्हापूरला एका वकीलबाईंकडं गेलो. त्यांनी ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर आमचा नंबर टाकला, दोन मिनिटं पण लागली नसतील, आणि स्क्रीन माझ्याकडं फिरवली. स्टेटस: अबँडन्ड. म्हणजे अर्ज सोडून दिलेला. कुणी सोडला, तर आम्हीच, कागदोपत्री.

मग त्यांनी एकेक कागद उघडून दाखवला, आणि हे सगळ्यांना कळावं म्हणूनच मी लिहितेय. त्या साइटवर अर्ज, नोटीस सगळं कुणालाही फुकट बघता येतं, मला हे माहीतच नव्हतं. एक, सरकारी फी 4,500 भरलेली, कारण आमच्यासारख्या एकट्याच्या नावानं किंवा छोट्या उद्योगाच्या नावानं ऑनलाइन अर्जाला एका क्लासची, म्हणजे मालाच्या एका वर्गाची, तेवढीच असते, 9,000 बाकीच्यांना. दोन, मालाचे नि सेवांचे मिळून 45 क्लास असतात, मसाला 30 मध्ये येतो, त्यानं टाकलेलं 29 मध्ये, तिथं लोणची-बिणची येतात. तीन, जे मला अजून झोंबतं, 'कधीपासून वापरता' या रकान्यात त्यानं 'पुढं वापरणार आहे' असं लिहिलेलं! 2016 पासूनची सहा वर्षं एका ओळीत पुसून टाकली, कारण जुना वापर दाखवायचा तर अ‍ॅफिडेव्हिट आणि पुरावे जोडायला लागतात, तेवढे कष्ट कोण घेणार. चार, वकील म्हणून नाव दिल्लीच्या कुणाचं तरी, ज्यांच्याशी मी आयुष्यात बोलले नाही. त्यांना तरी माहीत होतं का देव जाणे.

आणि अर्जात ईमेल त्याचा. जुलै 2022 मध्ये एक्झामिनेशन रिपोर्ट, म्हणजे सरकारनं अर्ज तपासून दिलेला अहवाल, आला होता, त्यात हरकत होती, उत्तराला एक महिना असतो. तो रिपोर्ट गेला त्याच्या मेलवर आणि तो गप्प. वकीलबाई म्हणाल्या नोटीस वकिलाच्या पत्त्यावर जाणं यात गैर काही नाही, पद्धतच आहे, म्हणून तर अर्जाचा नंबर आपल्याकडं पाहिजे आणि आपला आपण महिन्यातून एकदा टाकून बघायचा. अर्ज केल्या केल्या जो नंबर मिळतो तो अर्जाचा नंबर, नोंदणीचा नाही. 'तीन दिवसांत ट्रेडमार्क' म्हणजे तेवढंच. खरं सर्टिफिकेट तपासणी होऊन, ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून, चार महिने कुणी विरोध केला नाही तर मग येतं. तोपर्यंत फार तर टीएम (ट्रेडमार्कची नुसती अक्षरं) लिहायचं, गोलातला आर नोंदणी नसताना लावणं कायद्यात बसत नाही. म्हणजे फसलो आम्ही आणि वर बेकायदा पण आम्हीच.

त्याला फोन लावला. घाबरला वगैरे काही नाही, म्हणतो 'मॅडम हिअरिंगचे 12,000 भरा, रिस्टोर करून देतो.' मी जे बोलायचं ते बोलले. त्यानंतर नंबर बंद. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली, पण ती हेल्पलाइन पैसे लगेच अडवायला असते, आमचे दीड वर्षापूर्वीचे. तक्रारीचा नंबर मिळाला, बाकी काही नाही.

खरा धक्का तर पुढंच होता. वकीलबाईंनी उच्चारावरून शोध घेतला, साइटवर तशी सोय आहे, तर क्लास 30 मध्ये जवळजवळ आमच्याच नावाचा दुसरा अर्ज. दुसऱ्या जिल्ह्यातला मसालेवाला, अर्ज सप्टेंबर 2022 चा, वापर 2021 पासून, आणि ऑगस्टच्या जर्नलमध्ये छापून पण आलेला. जर्नल दर सोमवारी निघतं. विरोधाचे चार महिने संपायला 19 दिवस राहिलेले. त्या माणसाला मी चोर म्हणत नाही हं, त्याच्याही घरात कुणाचं तरी नाव असेल ते.

ते 19 दिवस आम्ही माळा, कपाटं, ट्रंका उपसल्या. वकीलबाईंना पाहिजे होतं नाव आणि तारीख एकत्र असलेलं काहीही. 2016 चं बिलबुक मिळालं, प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, छपाईवाल्याचं स्टिकरचं बिल. सगळ्यात भारी म्हणजे सासूबाईंची वही. दर हंगामाचं पहिलं लेबल त्यांनी भातानं चिकटवून ठेवलेलं, बाजूला तारीख आणि किती किलो मिरची लागली ते. वकीलबाईंनी ती वही दोनदा चाळली. विरोधाचा अर्ज 2,700 रुपये फी भरून वेळेत गेला, आणि क्लास 30 मध्ये आमचा नवीन अर्ज, 4,500, या वेळी 2016 पासूनच्या वापराचं अ‍ॅफिडेव्हिट जोडून. दोन्ही पावत्या त्याच दिवशी माझ्या मेलवर.

केस अजून चालूच आहे, म्हणून नाव लिहिलं नाही. समोरच्याचं उत्तर आलं, आमचे पुरावे गेले, आमच्या नव्या अर्जावर त्याच्या नावाची हरकत लागलीय, ती आमच्या विरोधाच्या निकालावर अवलंबून.

आमच्या गटातल्या त्या ताईला मी एवढंच सांगितलं की त्याला म्हण, क्लास कुठला टाकणार, तुझा बार कौन्सिलचा, म्हणजे वकिलीच्या नोंदणीचा, नंबर काय, आणि फी भरल्याची सरकारी पावती माझ्या मेलवर येणार का. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, तर म्हणे नेटवर्क गेलं.

पाऊच अजून अकराशेच्या आसपास उरलेत. फेकवत नाहीत. रात्री जेवणं झाली की सासूबाई आणि मी काळा मार्कर घेऊन बसतो आणि गोलातला आर खोडतो, एका बैठकीत साठ-सत्तर होतात.